मेजर गिलचा कॅमेरा आणि गौताळ्याचा वाघ

१८६४ साली लंडनमध्ये शंभर फोटोंचं एक पुस्तक निघालं. नाव भलतं लांबलचक. मराठीत सांगायचं तर 'पश्चिम भारतातील वास्तुकला आणि निसर्ग यांची शंभर स्टिरिओस्कोपिक चित्रे'. माहिती लिहिली होती जेम्स फर्ग्युसननं. हा निळीचा व्यापारी, पुढे भारतीय वास्तुकलेचा इतिहासकार झाला. आणि फोटो काढले होते मेजर रॉबर्ट गिलनं. हो, तोच आपला अजिंठ्याचा गिल.

मराठवाड्यात गिलचं नाव काढलं की लोक लगेच पारोचं नाव घेतात. अजिंठा गावात तिची कबर आहे, तिच्यावर २३ मे १८५६ ही तारीख आहे. आमचे ना. धों. महानोर तिथून जवळच्या पळसखेड्याचे. त्यांनी या कहाणीवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं, २०१२ साली नितीन देसाईंनी त्यावर चित्रपट काढला. त्यामुळे पारो घरोघरी पोचली. तिच्याबद्दल मी आज बोलणार नाही. महानोरांनी ज्या वाटेनं बैल नेले तिथं पुन्हा नांगर घालण्याचं धाडस माझ्यात नाही. मला बोलायचंय ते गिलच्या कॅमेऱ्याबद्दल. पारोच्या कबरीवरचं आणि गिलच्या पहिल्यावहिल्या फोटोंचं साल एकच, १८५६. एवढं सांगतो आणि पुढे जातो.

त्या शंभर चित्रांत वास्तू आहेत आणि त्यांच्या जोडीला जनावरं आहेत. जनावरं आहेत ती मारलेली. गिल पट्टीचा शिकारी होता. शंभरावर वाघ मारल्याचं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. आकडा ऐकून आज अंगावर काटा येतो, पण त्या काळात ही मिरवायची गोष्ट होती. मुळात अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली तीच शिकारीपायी. मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ वाघाच्या मागे आला आणि वाघूर नदीच्या घळीत त्याला लेणी दिसली. २८ एप्रिल १८१९ ही तारीख त्यानं दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपल्या नावासकट कोरून ठेवली आहे. ज्या खांबावर बोधिसत्त्व रंगवलेला, त्याच खांबावर साहेबांची सही! तेव्हा अजिंठ्यात आधी आली बंदूक, मागून आला कुंचला आणि त्यामागून कॅमेरा.

कुंचलाही गिलचाच. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायचं काम दिलं. मद्रास फौजेतला हा कॅप्टन अजिंठा गावच्या बारादरीत राहायला आला आणि आयुष्याची उरलेली वर्षं बहुतेक इथेच राहिला. १८७९ साली भुसावळला वारला, कबरही तिथंच आहे. त्यानं मोठमोठ्या कॅनव्हासवर केलेल्या नकला लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी तिथं आग लागली. वीस वर्षांच्या मेहनतीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं वाचली. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सनं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. अजिंठ्याच्या चित्रांना लंडनचं पाणी कधी मानवलं नाही.

फोटो मात्र वाचले. एका काचेवरून पन्नास प्रती निघतात, त्या पन्नास घरांत जातात. सगळ्या घरांना एकाच रात्री आग लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गिल एवढा जंगलात फिरायचा, मग त्यानं जिवंत वाघाचा फोटो का नाही काढला? तर काढणं शक्यच नव्हतं. तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ती शोधली. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, उजेड द्यायचा आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. अजिंठ्याच्या उन्हात काच त्याहून लवकर सुकत असणार. एका फोटोसाठी तंबू, बाटल्या, पाणी, काचांच्या पेट्या आणि हमाल! उजेडही कित्येक सेकंद द्यावा लागे. तेवढा वेळ स्थिर राहणारं जनावर म्हणजे मेलेलं जनावर.

आणखी एक गंमत. त्या काचेला निळा रंग दिसे, तांबडा-पिवळा जवळजवळ दिसतच नसे. वाघाचा केशरी रंग तिच्यावर काळपट उमटायचा, म्हणजे पट्टे आणि अंग यांतला फरकच कमी व्हायचा. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू आणि पिवळी माती, म्हणून त्या चित्रांपुढेही हा कॅमेरा आंधळा. गिलनं लेण्यांचे खांब-कमानी कॅमेऱ्यावर घेतल्या आणि चित्रं मात्र हातानं उतरवली, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

गिलचा स्टिरिओ कॅमेरा त्या काळच्या मानानं आटोपशीर होता, हे इथं सांगितलं पाहिजे. शेजारी शेजारी दोन भिंगं, आपल्या दोन डोळ्यांसारखी. काच लहान, भिंग जवळच्या पल्ल्याचं, त्यामुळे मोठ्या पेटीवाल्या कॅमेऱ्यापेक्षा उजेड कमी वेळ द्यावा लागे. दोन चित्रं एका लाकडी दुर्बिणीत घालून पाहिली की खांब मागेपुढे उभे दिसत. लहानपणी खुलताबादच्या उरुसात डब्याला डोळा लावून आम्ही 'बारा मन की धोबन' पाहिली आहे, त्या डब्याचा हा विलायती, शिकलेला भाऊ म्हणा.

मंडळी, हा सगळा इतिहास मला पुन्हा चाळावा लागला तो माझ्या भाचीमुळे. ती कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. तिच्या वर्गातल्या मुलांना बिबट्या ठाऊक आहे तो दोनच प्रकारे. एक, रात्री गोठ्यातून शेळी नेणारा. दुसरा, मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओतला, विहिरीत पडलेला किंवा काठ्या घेतलेल्या गर्दीनं घेरलेला. एका मुलानं वर्गात विचारलं, "बाई, त्याला मारलं तर सरकार बक्षीस देतं का?" तेव्हा हिनं आणि तिथल्या इतर शिक्षकांनी मिळून वर्गणी काढली. शाळेला एक कॅमेरा घ्यायचा, मुलांना नाथसागरावर आणि गौताळ्यात न्यायचं, त्यांच्या हातानं जिवंत जनावरांचे, पक्ष्यांचे फोटो काढवायचे, आणि ते गावातल्या भिंतीवर लावायचे. मला फोन करून म्हणाली, "मामू, पैसा मास्तरों का है. एकदम सस्ता नक्को, महंगा बी नक्को. काम का बोलो."

कवीला कॅमेऱ्यातलं काय कळतं, असं तुमच्या मनात येईल. माझे आजोबा तर फोटोच्या वाऱ्याला उभे राहत नसत. त्यांनी उभ्या आयुष्यात एकच फोटो काढवला, हजच्या कागदपत्रांसाठी, आणि त्यातही ते फोटोग्राफरवर रागावलेले दिसतात. मी मात्र तीसेक वर्षं मित्रांबरोबर जायकवाडीला पक्षी पाहायला जातो आहे. कॅमेरे माझे नसले तरी पिशव्या उचलायला मी असतोच. पिशवी उचलणाऱ्याला वजन कळतं.

नाथसागराबद्दल दोन शब्द. जायकवाडीचा पाया लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ साली घातला गेला, इंदिरा गांधींनी १९७६ साली धरणाचं उद्घाटन केलं. गोदावरीकाठची गावं पाण्याखाली गेली, आणि त्या उथळ, पसरट पाण्यावर पक्षी उतरू लागले. रोहित, पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, करकोचे. १९८६ साली हे पक्षी अभयारण्य झालं. गौताळा औट्रमघाट अभयारण्यही १९८६चंच. आणि योगायोग पाहा, त्याच वर्षी पेंटॅक्स कंपनीनं 'झूम-७०' नावाचा कॅमेरा काढला. आपोआप फोकस करणारा, मुठीत मावणारा आणि झूम असलेला ३५ मिलिमीटर फिल्मचा तो पहिला कॅमेरा. झूम किती, तर ३५ ते ७०. म्हणजे फक्त दुप्पट.

आपल्याकडे तेव्हा घरोघरी काय होतं? बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक-थ्री, एका रोलमध्ये बारा फोटो. नाहीतर हॉटशॉट. जरा पैसेवाल्याकडे याशिका. यांतल्या कुठल्याही कॅमेऱ्यातून नाथसागरावरचा रोहित कसा दिसे, याचा हिशेब मी भाचीला कागदावर करून दाखवला. पक्षी सव्वा मीटर उंच, उभा दोनशे मीटरवर. साध्या ३८ मिलिमीटरच्या भिंगातून पोस्टकार्ड आकाराच्या फोटोत त्याची उंची येते एक मिलिमीटर. राजगिऱ्याचा एक दाणा! आमच्या एका मित्राकडे १९९०च्या आसपासचे असे दोन अल्बम आहेत. तो पाहुण्यांना बोट ठेवून सांगतो, "हा रोहित." पाहुणे मान हलवतात. तोच पक्षी ६०० मिलिमीटरच्या झूमवर चौकटीचा सहावा हिस्सा व्यापतो, आणि २००० मिलिमीटरवर निम्म्याहून जास्त.

डिजिटल कॅमेरे आले तेव्हा ही झेप शक्य झाली. कारण साधं आहे. फिल्मच्या जागी आली नखाएवढी इलेक्ट्रॉनिक पट्टी, तिला सेन्सर म्हणतात. पट्टी लहान, म्हणून लहान भिंगातूनही लांबचा पल्ला मिळतो. २००२ साली पॅनासॉनिकनं लुमिक्स एफझेड-१ काढला. बारा पट झूम आणि हाताची थरथर सावरणारं भिंग. फोटो अवघा दोन मेगापिक्सेलचा, पण जायकवाडीवर पहिल्यांदा पट्टकदंबाच्या डोक्यावरचे पट्टे खिशाला परवडणाऱ्या कॅमेऱ्यात येण्याची सोय झाली. २०१५ साली निकॉनचा पी-९०० आला, त्र्याऐंशी पट झूम, २४ ते २००० मिलिमीटर. लोकांनी त्यातून चंद्रावरचे खड्डे टिपले. २०१८ साली त्याचाच मोठा भाऊ पी-१००० आला, एकशेपंचवीस पट, ३००० मिलिमीटर. वजन मात्र सव्वा किलोहून जास्त. याला खिशातला कॅमेरा म्हणायचं तर खिसा शेतकऱ्याच्या बंडीचा हवा.

दुकानदार सांगतो तो 'पट'चा आकडा मोठा फसवा असतो. झूम किती पट, याचा अर्थ जवळचा पल्ला आणि लांबचा पल्ला यांतलं प्रमाण. किती लांबचं दिसेल, हे त्यावरून कळत नाही. २४ ते ६०० म्हणजे पंचवीस पट. २८ ते २८० म्हणजे दहा पट. मग विचारायचं ते शेवटच्या आकड्याबद्दल. आणि 'डिजिटल झूम' नावाचं जे असतं ते सोडून द्यायचं. काढलेल्या फोटोचा तुकडा कापून फुगवणं एवढंच ते. भाकरी लाटून मोठी केली म्हणून पीठ वाढत नाही.

खरी अडचण उजेडाची. गिलला छळलं ते उजेडानं, आणि आज आपल्यालाही तोच छळतो. वाघ-बिबट्या हलतात पहाटे आणि संध्याकाळी. तेव्हा झाडीत उजेड नसतो. लहान सेन्सरच्या, लांब झूमच्या कॅमेऱ्यात पूर्ण झूम केला की भिंगाचं तोंड बारीक होतं. एफ-४ वरून एफ-८ वर गेलात की उजेड चौथा हिस्साच आत येतो. त्यात पट्टीही लहान. या कॅमेऱ्यांतल्या सेन्सरचं क्षेत्रफळ असतं अठ्ठावीस चौरस मिलिमीटर. 'एक इंची' म्हणतात त्या सेन्सरचं एकशेसोळाच्या आसपास, म्हणजे चौपट. (एक इंची म्हणतात, पण प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच असतो. दुकानदारीतला इंच आणि शिंप्याचा इंच वेगळा.) २०१७ साली आलेल्या सोनीच्या आरएक्स-१० मालिकेतल्या चौथ्या कॅमेऱ्यात असा मोठा सेन्सर आणि ६०० मिलिमीटरचा पल्ला एकत्र आहे, लांबच्या टोकालाही भिंग एफ-४ राहतं. संध्याकाळच्या जंगलासाठी यापेक्षा चांगला एकसंध कॅमेरा मला तरी ठाऊक नाही. पण त्याची किंमत ऐकून भाचीनं फोनवरच तौबा केली.

आणि सगळ्यात लांब झूम घेतला म्हणजे झालं, असंही नाही. आमच्या भागातलं ऊन विसरू नका. सकाळी दहानंतर नाथसागराच्या काठची जमीन तापते, हवा थरथरू लागते. ज्याला आपण मृगजळ म्हणतो, तेच भिंगापुढे उभं राहतं. अशा हवेतून पाचशे मीटरवरचा पक्षी तीन हजार मिलिमीटरनं ओढला तर मिळतो पाण्यात हलणारा पक्षी, पाणी नसलं तरी. तिथं कितीही महाग भिंग लावा, फोटो हवेचाच येतो. पहाटे जायचं, सूर्य पाठीशी ठेवायचा आणि नऊ-साडेनऊला कॅमेरा पिशवीत टाकून पोहे खायचे. सोनेवाडी, पिंपळवाडीच्या काठावर आम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलो.

मोबाइलच का नको, असं एका शिक्षकानं विचारलं. प्रश्न रास्त होता. आजचे मोबाइल सावलीत, जवळून, कुठल्याही कॅमेऱ्याशी बरोबरी करतात. पण लांबच्या पल्ल्यात त्यांचं भिंग थकतं. शिवाय ताडोबासारख्या ठिकाणी मोबाइल आत नेता येत नाही. मोबाइलच्या मागे लागून माणूस जनावराच्या जवळ जातो, ही तिसरी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या जिप्सींत कुणाच्याही हातात बंदूक नव्हती. तरी त्या वाघिणीच्या जागी उभं राहून पाहिलं तर १८६४ आणि २०२४ यांत तिला किती फरक वाटला असेल, कोण जाणे.

गिलनंतर वीस वर्षांनी आमच्या भागात दुसरा मोठा कॅमेरा फिरला तो लाला दीनदयाळ यांचा. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. दीनदयाळ सरधन्याचे, जैन कुटुंबातले, रुडकीला शिकलेले. सहाव्या निजामाचे, महबूब अली खानांचे ते दरबारी फोटोग्राफर. १८९४ साली निजामानं त्यांना 'राजा मुसव्विर जंग बहादूर' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र घडवणारा, रूप देणारा. आमच्याकडे अल्लाहच्या नावांपैकी एक नाव आहे ते. एका जैन माणसाला एका मुसलमान राजानं असं नाव द्यावं आणि कुणाला त्यात वावगं वाटू नये, हेही दख्खनचंच. बीबी का मकबरा, दौलताबाद, वेरूळ यांचे दीनदयाळांनी काढलेले फोटो पाहण्यासारखे आहेत. पण शिकारीचे फोटो? महबूब अली खान नामांकित शिकारी, १९०२ साली लॉर्ड कर्झन पाहुणे आले तेव्हाही वाघ पडला. साहेब-मेमसाहेब उभे, पुढ्यात वाघ आडवा. काचा आता सुक्या आणि झटपट झाल्या होत्या, उजेड क्षणभर पुरे होता. जिवंत वाघ टिपणं यंत्राला पूर्वीइतकं अशक्य उरलं नव्हतं. पण तो फोटो मागणारं कुणी नव्हतं.

तो मागणारे हळूहळू निघाले. अमेरिकेत जॉर्ज शिरासनं रात्री जनावरानं दोरीला पाय लावला की उजेड पडून फोटो निघेल, अशी युक्ती केली. १९०६ साली त्याचे फोटो 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये आले. आपल्याकडे हेच काम केलं एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं, शिवालिकच्या जंगलात. वाघाच्या वाटेवर तार, तारेला कॅमेरा. १९२५ साली लंडनच्या साप्ताहिकात त्याचा जिवंत वाघ छापून आला आणि १९२७ साली वाघांच्या मुलखातल्या कॅमेऱ्यावरचं त्याचं पुस्तक. जिम कॉर्बेटनं बंदुकीबरोबर कॅमेरा उचलला त्यात या माणसाचा वाटा आहे. वाघाच्या शिकारीवर कायद्यानं बंदी यायला मात्र सत्तरचं दशक उजाडावं लागलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, व्याघ्र प्रकल्प १९७३चा.

आणि मग मार्च २०२१. गौताळ्यात वनखात्यानं लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ आला. कित्येक दशकांत त्या डोंगरात वाघाची नोंद नव्हती. पट्टे जुळवून पाहिले, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, आपल्या अंगठ्यासारखेच. तेव्हा तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. सरळ रेषेत मोजलं तरी तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर. वाघ काही सरळ रेषेत येत नाही. कपाशीची शेतं, रस्ते, गावं, कालवे ओलांडून तो सातमाळ-अजिंठ्याच्या रांगेत आला. याच डोंगरांत गिलची बंदूक फिरली होती. भाचीच्या वर्गात तो फोटो मी मोठा करून दाखवला तेव्हा एका मुलीनं विचारलं, "काढला कुणी?" झाडाला बांधलेली ती पेटी ऊब आणि हालचाल ओळखते, वाघ समोर आला की आपोआप फोटो निघतो, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे त्यानंच काढला."

आता कॅमेऱ्याचं काय ठरलं ते सांगतो. शाळेचं बरंचसं काम दिवसाउजेडी पाण्याकाठचं. मुलांचे हात लहान, वर्गणी बेताची. म्हणून मोठ्या सेन्सरचा मोह सोडला. खिशात मावणारे तीस पट झूमवाले चपटे कॅमेरेही पाहिले. ते प्रवासाला उत्तम, पण उन्हात मागचा पडदा दिसत नाही आणि हात लांब धरून ७०० मिलिमीटरवर कॅमेरा स्थिर राहत नाही. डोळा लावून पाहायची खिडकी असली की कॅमेरा कपाळाला टेकतो, दोन कोपर छातीला लागतात, थरथर निम्मी होते. गुलमंडीजवळच्या एका दुकानात त्र्याऐंशी पट झूमचा, बारीक सेन्सरचा, एक वापरलेला कॅमेरा मिळाला. वजन किलोच्या आत. वापरलेला घेताना काय पाहायचं, तर भिंगाची नळी पूर्ण बाहेर काढून आत धूळ आहे का ते. ही नळी आतबाहेर होताना भात्यासारखी हवा ओढते, आणि हवेबरोबर मराठवाड्याची माती. मग दुकानाच्या पायरीवर उभं राहून समोरच्या रस्त्यापलीकडची पाटी पूर्ण झूमवर दहा वेळा टिपायची आणि दहांपैकी किती वाचता येतात ते मोजायचं. आमची सात आली.

जोडीला एक जादा बॅटरी घेतली आणि भाचीनं जुन्या चादरीची एक थैली शिवून तिच्यात दोन किलो तांदूळ भरले. जिप्सीच्या किंवा बांधाच्या काठावर थैली ठेवायची, वर कॅमेरा. गाडीचं इंजिन बंद. एवढ्यानं जो फरक पडतो तो हजारो रुपयांच्या तिपाईनं पडत नाही.

पहिली फेरी नाथसागरावर झाली. मुलांनी शेकाट्या, खंड्या, चक्रवाक आणि पट्टकदंब टिपले. मंगोलियात मानेत पट्टा घातलेले पट्टकदंब भारतात उतरल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे आता प्रत्येक मूल फोटो मोठा करून आधी मान तपासतं. अजून पट्टा सापडलेला नाही. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीवरचं कुंकू मात्र स्पष्ट आलं, आणि तो फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. शेजारी एका आजींनी हात जोडले, ते बदकाला की कुंकवाला, हे कळलं नाही.

गौताळ्याच्या फेरीत नीलगाय मिळाली, पाठमोरी. मोर दोन. बिबट्या दिसला नाही. ओढ्याच्या ओल्या वाळूत त्याचा पंजा उमटला होता, ताजा, कडा न मोडलेला. मघाशी बक्षिसाचं विचारणाऱ्या मुलाचं नाव मी सांगत नाही. त्यानंच मापासाठी ठशाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलं, झूम मागे घेतला, आणि वाकून फोटो काढला.